न मोजता थांबणं

शाळेत संख्याशास्त्राची ओळख करून देताना सरांनी एक गणित घातलं होतं. तळ्यातले मासे मोजायचे, पण तळं उपसायचं नाही. १०० मासे पकडा, प्रत्येकाच्या परावर खूण करा आणि सोडून द्या. काही दिवसांनी पुन्हा १०० पकडा. त्यात १० खुणेचे निघाले, तर तळ्यात साधारण १००० मासे आहेत. मला ते गणित भयंकर आवडलं. अख्खं तळं न बघता त्याच्या पोटातलं कळतं, यात जादू होती. गणिताच्या शेवटी कंसात एक ओळ होती: तळ्यात बाहेरून मासे येत नाहीत आणि तळ्यातून जात नाहीत, असे समजा. गणितं सोडवायला बसलेल्या कुठल्याही मुलीसारखी मी ती ओळ वाचून पुढे गेले.

पुढे मासेमारी आणि समुद्र यांच्याबद्दल वाचायला लागले, तेव्हा मनात कुठेतरी तेच तळं होतं, फक्त मोठं. समुद्रात मासे किती ते काढायचं, दरवर्षी नवे किती जन्मतात ते काढायचं, तेवढेच उचलायचे. मुद्दल शाबूत, व्याजावर जगायचं. हे माझ्या एकटीचं भाबडेपण नव्हतं. विसाव्या शतकाच्या मध्यावर मत्स्यशास्त्राचा पाया याच कल्पनेवर घातला गेला. १९५४ मध्ये शेफर यांनी आणि १९५७ मध्ये बेव्हर्टन आणि होल्ट यांनी जी समीकरणं मांडली, त्यांतून 'कमाल टिकाऊ उत्पादन' नावाचा एक आकडा काढता येऊ लागला. साठा फार कमी झाला तर जन्मणारे कमी, साठा काठोकाठ भरलेला असला तरी दाटीमुळे वाढ कमी. मध्ये कुठेतरी एक सोन्याचा बिंदू. हा आकडा इतका लोभस निघाला की १९८२ च्या आंतरराष्ट्रीय सागरी कायद्याच्या करारातही तो जाऊन बसला. त्याआधीच, १९७७ मध्ये, पीटर लार्किन यांनी या संकल्पनेचा चक्क मृत्युलेख लिहिला होता. मृत्युलेख छापून आल्यावरही तब्येतीनं धडधाकट राहिलेल्या फार थोड्या गोष्टी असतील, त्यातली ही एक.

थंड समुद्रातही हे गणित हमखास सुटत होतं असं नाही. १८८३ मध्ये लंडनच्या मत्स्यप्रदर्शनात थॉमस हक्सली म्हणाले होते की मोठ्या सागरी मासेमारी बहुधा अक्षय आहेत, माणूस काहीही करो, माशांच्या संख्येत फरक पडणार नाही. १९९२ च्या जुलैत कॅनडाला न्यूफाउंडलंडची कॉड मासेमारी बंद करावी लागली. सुमारे ३० हजार माणसांचं काम गेलं. बंदी दोन वर्षांसाठी म्हणून घातली होती, ती उठायला २०२४ साल उजाडलं. तिथे शास्त्रज्ञ होते, जहाजं होती, दशकांच्या नोंदी होत्या. एक फसगत अशी झाली की साठा आटत असताना उरलेले कॉड दाटीवाटीनं ठरावीक जागी जमत राहिले आणि बोटी नेमक्या तिथेच जात राहिल्या. जाळी भरत होती, म्हणून मासे आहेत असं वाटत होतं. ही फसगत लक्षात ठेवावी लागते, कारण उष्ण समुद्रात ती अधिक क्रूर रूपात भेटते.

उष्ण कटिबंधातला समुद्र मुळातच वेगळ्या स्वभावाचा. त्याचं ते स्वच्छ निळं पाणी, ज्याचे फोटो बघून आपण उसासे टाकतो, ते खरं तर उपाशी पाणी आहे. त्यात पोषकद्रव्यं कमी, म्हणून सूक्ष्म वनस्पती कमी, म्हणून ते आरपार दिसतं. थंड समुद्राचं हिरवट गढूळ पाणी दिसायला सामान्य, पण पोट भरलेलं. आणि तरीही या उपाशी पाण्यातच प्रवाळभित्तीभोवती जिवांची इतकी गर्दी की समुद्रतळाचा एक टक्काही न व्यापता सागरी प्रजातींपैकी सुमारे पाव भागाला आसरा मिळतो. जाती अमाप, एकेका जातीची माणसं मात्र थोडी. माणसं म्हणून गेले, राहू दे. थंड समुद्रात जाळं ओढलं की दोन-चार जातींचा ढीग येतो. इथे एका जाळ्यात शंभर जाती येऊ शकतात: बोटाएवढ्या, हाताएवढ्या, पाच महिन्यांत वयात येणाऱ्या आणि पाच वर्षांत येणाऱ्या. त्या सगळ्यांसाठी जाळ्याचा आस, म्हणजे भोकाचा आकार, केवढा ठेवायचा? मोठ्या हेकरूचं पोर वाचेल एवढा मोठा ठेवला, तर तारलीचा अख्खा थवा आरपार निघून जातो. तारलीला बेतलेला ठेवला, तर हेकरूची पोरं अडकतात. कुठलंही उत्तर कुणावर तरी अन्याय करणारं.

मला सगळ्यात जास्त भावली ती कानातल्या खड्याची गोष्ट. माशाच्या डोक्यात, कानाच्या पोकळीत, चुन्याचा एक इवलासा खडा असतो; ओटोलिथ म्हणतात त्याला. झाडाच्या खोडात वर्षवलयं असतात तशी त्याच्यातही असतात. हिवाळ्यात वाढ मंदावते, उन्हाळ्यात जोर धरते, आणि ती चढउतार खड्यावर रेघ होऊन उमटते. थंड देशातला अभ्यासक खडा कापतो, भिंगाखाली धरतो आणि माशाचं वय सांगतो. वय कळलं की वाढीचा वेग कळतो, मरण्याचा वेग कळतो, सगळं गणित पुढे सरकतं. विषुववृत्ताजवळच्या माशानं हिवाळा बघितलेलाच नसतो. त्याच्या खड्यावरच्या रेघा पुसट, एकमेकींत मिसळलेल्या. आता चांगल्या तंत्रानं पुष्कळ जातींमध्ये त्या वाचता येतात, पण बराच काळ अडचण हीच होती. अशा वेळी डॅनिअल पॉली यांच्यासारख्या माणसांनी वय सोडून लांबी धरली. बाजारात, किनाऱ्यावर उतरलेले मासे पट्टीनं मोजायचे, हजारोंनी मोजायचे, आणि लांबीच्या आलेखावरची उंचवट्यांची रांग महिन्यागणिक कशी पुढे सरकते ते बघून वाढ ओळखायची. १९८० च्या सुमारास त्यांनी मनिलाहून हे तंत्र पुढे आणलं. ज्या देशांकडे संशोधन-जहाज नाही, त्यांच्याकडे पट्टी तरी असते. मला यात एक प्रकारची लोकशाही दिसते. पण पट्टीलाही जाळ्यातलाच मासा लागतो. जाळ्यात कधी न आलेल्याची, किंवा आता येईनाशा झालेल्याची लांबी कोण घेणार?

थायलंडच्या आखाताची कथा अशा येईनाशा झालेल्यांची आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मन तांत्रिक मदतीनं तिथे तळ खरवडणारी ट्रॉल जाळी रुजली. तेव्हा एका तासाच्या ओढीत ३०० किलोच्या आसपास मासळी येत असे. १९८० च्या दशकात ती ५० किलोवर आली, १९९० च्या दशकात २०-३० वर. मधल्या काळातले एकूण उत्पादनाचे तक्ते मात्र मोठ्या दिमाखात चढत होते, कारण बोटी वाढत होत्या. तक्त्यात टन दिसतात; टनात काय आहे ते दिसत नाही. आधी मोठे, सावकाश वाढणारे गेले. मग त्यांच्या तावडीतून सुटलेले लहान मासे, म्हाकूळ, कोळंबी यांचं प्रमाण वाढलं, म्हणजे ट्रॉलरना नवं काही सापडल्यासारखं वाटलं. आणि मग ज्याला कधी काळी 'टाकाऊ मासळी' म्हणत, म्हणजे चिल्लीपिल्ली आणि काटेकुटे, त्याचीही खाद्याच्या कारखान्यांमुळे किंमत होऊ लागली. टाकाऊला भाव आला की थांबायचं शेवटचं कारणही जातं. इंडोनेशियानं १९८० मध्ये ट्रॉलवर बंदी घातली, तीही शास्त्रज्ञांच्या समीकरणानं घातलेली नव्हती. छोट्या होड्यांवरची माणसं आणि ट्रॉलर यांच्यातल्या हाणामाऱ्यांना सरकार कंटाळलं होतं.

हे सगळं डोळ्यांदेखत घडूनही लक्षात का येत नाही, याला १९९५ मध्ये पॉली यांनीच नाव दिलं: सरकत जाणारी आधाररेषा. प्रत्येक पिढी आपण लहानपणी पाहिलेल्या समुद्राला भरलेला समुद्र समजते आणि तिथून घट मोजते. याचं सगळ्यात बोचरं चित्र मी पाहिलं ते फ्लोरिडाच्या की वेस्टचं. तिथे हौशी मासेमारांना घेऊन जाणाऱ्या बोटी परतल्या की दिवसाची सगळ्यात मोठी शिकार धक्क्यावर टांगून फोटो काढायची पद्धत. १९५६ ते २००७ पर्यंतचे असे फोटो लोरेन मॅक्लेनाकन यांनी जमवले आणि त्यातले मासे मोजले. सुरुवातीला टांगलेल्या माशाचं सरासरी वजन १९.९ किलो. शेवटी २.३ किलो. जुन्या फोटोंत माणसांपेक्षा मोठे मासे आहेत, नव्यांत दीड वीत लांबीचे. माणसांच्या चेहऱ्यावरचं हसू मात्र दोन्हीकडे तेवढंच रुंद आहे. मी ते फोटो पुन्हा पुन्हा पाहिले. माशांकडे नंतर बघणंच सोडलं, हसण्याकडेच बघत राहिले. २.३ किलोवाला खोटं हसत नव्हता.

पण मासे कमी झाले एवढंच असतं, तर ते निदान वाढवता आले असते. उष्ण समुद्रात एक मासा काढला की त्याच्या जागी भोक पडत नाही, विणच उसवते. जमैकाचं उदाहरण मी कुणाशीही या विषयावर बोलताना देते, कारण त्यात प्रत्येक पात्र आपापल्या जागी निर्दोष आहे. जमैकाच्या प्रवाळांवर शेवाळ चरणारे पोपटमासे होते. चोच असलेला हा मासा दिवसभर खडक कुरतडत असतो. शेवाळ पोटात जातं, खडकाची वाळू होऊन बाहेर पडते. खूप दशकं खूप सापळे लावून लोकांनी हे मासे जवळजवळ संपवले. आणि काहीच झालं नाही. प्रवाळ टवटवीत राहिले, अभ्यासक येत राहिले, कारण पोपटमाशांचं काम लांब काळ्या काट्यांच्या समुद्री साळूंनी (सी अर्चिन) उचललं होतं. खाणारे आणि वाटेकरी दोघंही गेल्यामुळे त्यांचं फावलंच होतं. १९८० मध्ये ॲलन नावाच्या चक्रीवादळानं प्रवाळ मोडले. तेही पुन्हा धरू लागले. मग १९८३ च्या जानेवारीत पनामाजवळ साळूंमध्ये कसलीशी साथ आली आणि वर्षभरात सगळ्या कॅरिबियनभर पसरली. जमैकातले जवळपास सगळे साळू मेले. आता चरायला कुणीच उरलं नव्हतं. १९७७ मध्ये ५२ टक्के असलेलं जिवंत प्रवाळाचं आच्छादन १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ३ टक्क्यांवर आलं. शेवाळ ४ टक्क्यांवरून ९२ टक्क्यांवर गेलं. टेरेन्स ह्यूज यांनी १९९४ मध्ये हे आकडे मांडले. मासेमारीनं भित्ती मेली असं म्हणावं तर भित्ती मासे गेल्यावर कितीतरी वर्षं जिवंत होती. साथीनं मेली म्हणावं तर पोपटमासे असते तर साथ पचली असती. उधारी आधीच झालेली होती, सावकार उशिरा आला.

बेलीझनं २००९ मध्ये पोपटमासा पकडायलाच बंदी केली, ती हा धडा घेऊन. या पोपटमाशांतला एक सगळ्यात मोठा, सप्तरंगी, लहानपणी खारफुटीच्या मुळांत वाढतो. पीटर मम्बी आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवलं की जिथे खारफुटी तोडली गेली तिथून तो साफ नाहीसा झाला, आणि जिथे भित्तीजवळ भरगच्च खारफुटी आहे तिथे बाजारात चालणाऱ्या कित्येक जातींचं वजन दुपटीहून अधिक आहे. म्हणजे कुणी किनाऱ्यावर कोळंबीची तळी खोदतो आणि काही किलोमीटर आत, पाण्याखाली, शेवाळ माजतं. दोघांची खाती वेगळी, फायली वेगळ्या, मंत्रीही वेगळे.

इथवर आले तेव्हा माझं ते तळं पुरतं फुटलं होतं. जाती मोजता येत नाहीत, वय वाचता येत नाही, बोटीचं उत्पादन फसवतं, आणि एकाचं मरण दुसऱ्याच्या खात्यावर निघतं. माझा पहिला आवाज होता, मग आणखी माहिती गोळा करा. हा आवाज सुशिक्षित माणसाला फार सुखाचा वाटतो. माहिती गोळा होईपर्यंत काही करावं लागत नाही.

रॉबर्ट जोहान्स यांनी हा आवाज बंद केला. हे प्रवाळशास्त्रज्ञ १९७० च्या दशकात पलाऊ बेटांवर गेले आणि उपकरणं बाजूला ठेवून म्हाताऱ्या मासेमारांजवळ बसले. कुठला मासा कुठल्या महिन्यात, चंद्राच्या कुठल्या तिथीला, कुठल्या खाचेत अंडी घालायला जमतो हे त्यांनी विचारलं. मिळालेली यादी एवढी मोठी होती की चंद्राच्या तालावर अंडी घालणाऱ्या म्हणून सगळ्या जगाच्या विज्ञानाला जेवढ्या जाती माहीत होत्या, त्याच्या दुपटीहून अधिक जाती त्या एका द्वीपसमूहातल्या माणसांना ठाऊक निघाल्या. पलाऊत 'बुल' नावाची चाल होती: गावप्रमुख एखादा भित्तीचा भाग ठरावीक काळ बंद म्हणून जाहीर करत. पॅसिफिकमधल्या बेटांवर बंद हंगाम, बंद जागा, अंडी घालायला निघालेल्या थव्यातला काही भाग सोडून देणं, हे सगळं पाश्चात्त्य शास्त्राच्या शतकानुशतकं आधी चालत होतं, असं त्यांनी नोंदवलं. आणि १९९८ मध्ये त्यांनी सरळच लिहिलं की उष्ण कटिबंधातल्या किनारी मासेमारीचं व्यवस्थापन आकडेवारीशिवाय करता येतं, करावंच लागेल. आकडे कधीच पुरे पडणार नाहीत.

(परंपरेचं नाव काढलं की आपल्याकडे लगेच हात जोडले जातात, म्हणून सांगते: जोहान्स यांनी हात जोडले नव्हते. परक्या बाजारपेठा आणि परकी सत्ता आल्यावर या चाली किती भराभर मोडल्या, हेही त्यांनीच लिहून ठेवलं.)

किती पकडायचं हा प्रश्न बाजूला ठेवला, की कुठे, कधी आणि कशानं हे प्रश्न उरतात. त्यांची उत्तरं मोजल्याशिवाय देता येतात. सापळा पाण्यात उतरवताना त्याच्या कोपऱ्यात एक अरुंद उभी फट ठेवली तर सपाट अंगाची पोरं आणि बाजारात कुणी न घेणारे चपटे मासे निघून जातात. त्यासाठी साठ्याचा अंदाज लागत नाही, फट लागते. मासा निदान एकदा अंडी घालेपर्यंत तरी वाचू द्या, आणि सगळ्यात थोराड माद्या सोडून द्या, एवढं पाळलं तरी पुष्कळ, असं रायनर फ्रोझं यांनी २००४ मध्ये मांडलं. थोराड मादीचं महत्त्व मला एका आकड्यानं कळलं. तांबोशीच्या जातकुळीतल्या एका रेड स्नॅपरची ६१ सेंटिमीटरची एक मादी जेवढी अंडी घालते, तेवढी घालायला ४२ सेंटिमीटरच्या २१२ माद्या लागतात. लांबी दीडपटही नाही. बाजाराचं तर्कशास्त्र मात्र उलट चालतं, मोठ्यालाच भाव.

हेकरूंचा प्रकार आणखी गुंतागुंतीचा. पुष्कळ जातींत ते मादी म्हणून वयात येतात आणि मोठे झाल्यावर नर होतात, म्हणजे मोठे उचलले की नरच संपतात. आणि ते अंडी घालायला ठरलेल्या जागी, ठरलेल्या पौर्णिमेच्या आगेमागे, हजारोंनी जमतात. कॅरिबियनमधला नासाऊ ग्रूपर हाही हेकरूच, एरवी एकलकोंडा. वर्षभर आपापल्या कपारीत असतो आणि हिवाळ्यातल्या पौर्णिमांना कुठून कुठून पोहत येऊन जत्रा भरवतो. ही जागा ज्याला कळली त्याच्या होडीला त्या रात्री तोटा नाही. शेवटच्या वर्षापर्यंत तोटा नाही, कारण पाचशे उरले तरी पाचशेही तिथेच येतात. कॉडची फसगत इथे एका रात्रीत मावते. २००१ मध्ये लिटल केमन बेटाच्या टोकाला अशी एक सुमारे ७००० माशांची जत्रा सापडली. दोन हिवाळ्यांत त्यातले ४००० मासे काढले गेले. २००३ मध्ये केमनच्या सरकारनं जत्रेच्या जागा बंद केल्या, आधी ८ वर्षांसाठी. उरलेले तीनेक हजार पुरेसे आहेत का, हे तेव्हा कुणीच सांगू शकत नव्हतं.

फिलिपिन्समध्ये अँजेल अल्काला यांनी हाच थांबण्याचा प्रयोग जागेवर केला. १९७४ मध्ये सुमिलॉन बेटाच्या भित्तीचा एक भाग मासेमारीसाठी बंद झाला, १९८२ पासून जवळच्या आपो बेटावरचा एक लहान पट्टा. आपोचा पट्टा जेमतेम अर्धा किलोमीटर किनारा. तिथल्या लोकांशी वर्षानुवर्षं बोलून मग तो बंद झाला आणि राखायचं कामही त्यांनीच घेतलं. १८ वर्षं नोंदी ठेवल्या तरी आतल्या मोठ्या शिकारी माशांची वाढ थांबलेली दिसत नव्हती. सुमिलॉनवर उलटं झालं. १९८४ मध्ये राखण मोडली, सगळे आत घुसले. दीड-दोन वर्षांत बेटाभोवतीचं एकूण उत्पादन निम्म्यावर आलं. आत जाऊन पकडायला मोकळीक मिळाल्यावर पकड कमी झाली! मला वाटतं, आपोच्या यशापेक्षा सुमिलॉनची ही पडझड जास्त पटवून जाते. काही गोष्टी काढून घेतल्यावरच त्यांचं वजन हाताला लागतं. अल्काला २०२३ मध्ये गेले.

आता मला छळणारा भाग. थांबतो कोण? मादागास्करच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर अंदावादुआका गावानं २००४ मध्ये एका भित्तीवरची ऑक्टोपस पकड सात महिने बंद ठेवली. ऑक्टोपस वर्षभराच्या आयुष्यात झपाट्यानं वाढतो, त्यामुळे वाट पाहिल्याचं फळ त्याच वर्षात दिसतं. म्हणून हा प्रयोग आजूबाजूला पसरला आणि २००६ मध्ये गावांनी मिळून 'वेलोन्ड्रियाके', म्हणजे समुद्रासोबत जगणं, या नावानं आपला पट्टा आखला. वाचायला किती गोड. पण ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकांवर अनवाणी फिरून काठीनं ऑक्टोपस काढण्याचं काम तिथे बरंचसं बायकांचं आहे. होडीवाला एक भित्ती बंद झाली तर दुसरीकडे जातो. पायी जाणारीला जवळचा खडक हाच समुद्र. बंद दोघांनाही सारखाच, असं फक्त ठरावातच असतं. पकडबंदीवरच्या लेखांत 'स्थानिक समुदाय' हा शब्द आला की मी आता थबकते आणि विचारते: त्यातल्या कोण?

भारतात केरळनं १९८८ मध्ये पावसाळी ट्रॉलबंदी आणली. ती वरून आलेली नव्हती. आधीची कितीतरी वर्षं पारंपरिक मच्छीमार त्यासाठी रस्त्यावर उतरले होते, उपोषणाला बसले होते. थांबायला सांगणारे तेच, आणि उलट ज्यांना थांबवायचं त्यांच्याकडे इंजिनं. जगात पकडल्या जाणाऱ्या मासळीपैकी निदान ४० टक्के छोट्या मासेमारांच्या हातून येते आणि या धंद्यातली ९० टक्के माणसं तीच आहेत. तरी बारीक आसाचं जाळं वापरणारा गरीब माणूस हा आपल्याला सहज दिसणारा गुन्हेगार, आणि डिझेलच्या अनुदानावर शेकडो मैल जाणारा ताफा हा उद्योग. जागतिक व्यापार संघटनेनं २०२२ च्या जूनमध्ये मासेमारीच्या अनुदानांवर करार केला, तो २०२५ च्या सप्टेंबरात लागू झाला. बेकायदा मासेमारी आणि आधीच ओरबाडलेले साठे यांना पैसा देणं त्यानं रोखलं. गरजेपेक्षा जास्त बोटी पोसणाऱ्या अनुदानाचा मुद्दा मात्र पुढच्या वाटाघाटींवर ढकलला. या ढकलण्याचा मला राग येतो, आणि तो आवरायची इच्छाही होत नाही. खडकावर चालत जाणारीनं सात महिने थांबायचं आणि ताफ्यानं पुढच्या बैठकीपर्यंत.

आणि समजा सगळे थांबले, तरी पाणी थांबत नाही. केरळच्या तारलीचं उत्पादन २०१२ मध्ये ४ लाख टनांच्या घरात होतं. २०२१ मध्ये ते ३,२९७ टन झालं. पिल्लांची पकड हे एक कारण, पण एल निनोनं पाणी तापलं, खाद्य हललं, मासा हलला. १९९८ च्या उष्म्यात जगातल्या प्रवाळांपैकी सुमारे १६ टक्के गेले असं धरतात. २०२३ पासून सुरू झालेल्या चौथ्या जागतिक विरंजनात, म्हणजे उष्णतेनं प्रवाळ पांढरे पडण्याच्या लाटेत, २०२५ च्या वसंतापर्यंत भित्तींच्या ८४ टक्के क्षेत्राला विरंजन घडवेल एवढी उष्णता सोसावी लागली होती. आपोचा तो जपलेला पट्टा २०११ आणि २०१२ अशा लागोपाठच्या डिसेंबरांत आलेल्या चक्रीवादळांनी झोडपून काढला. तीस वर्षं ज्यांनी कुणाला आत येऊ दिलं नाही, त्यांच्या प्रवाळांचा चुरा झाला. मी ते वाचलं त्या दिवशी पुढे काही वाचलं नाही.

लिटल केमनची जत्रा मात्र भरत राहिली. बंदीनंतर वर्षामागून वर्षं गेली आणि आकडा फारसा हलेना. नंतर एकदम नव्या पिढ्या आल्या, आणि २०१८ पर्यंत तिथे पुन्हा ७००० च्या घरात मासे जमू लागले. ते मोजले कसे, हे शोधायला गेले तर समोर शाळेतलं गणितच उभं. पौर्णिमेच्या रात्री पाणबुडे खाली उतरतात, काही माशांच्या पाठीला खुणेच्या पट्ट्या लावतात आणि सोडून देतात. मग पुढच्या रात्री पुन्हा उतरून बघतात, दिसलेल्यांत खुणेचे किती. तेवढ्या दोन-चार रात्री जत्रेत नवीन कुणी येत नाही आणि आलेले जात नाहीत, असं समजून.